धोंड्याला अडकलेला जावई

कुसगाव,
अधिक श्रावण, १९३९

प्रिय नंदा,

मी पुन्हा कुसगावातच आहे. घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे, बिघडलंय ते डोकं. रामेश्वराजवळच्या मंडपमच्या छावणीपर्यंत जाऊन परत आलो. समुद्र समोर दिसत होता, पण बोटीवर चढू दिलं नाही. एक तारखेपासून आपल्याच सरकारने सिलोनला मजूर जाणं बंद केलंय. का, तर तिथलं सरकार आपल्या माणसांना कामावरून काढून घरी धाडतंय, म्हणून त्यांना वठणीवर आणायचं. छावणीतल्या साहेबाने समजावलं की हे तुमच्याच मानासाठी आहे. मी विचारलं, बायको आणि तान्हं पोर पलीकडे कोलंबोत आहेत, त्यांचं काय? त्याने पुढच्या माणसाला हाक मारली.

आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी गत झाली बघ. सिलोन एवढंसं, हिंदुस्थान केवढा, आणि दोघांच्याही डोक्यावर राज्य त्याच गोऱ्यांचं. तरी एकमेकांचे कान पिळायला त्यांना सापडला कोण, तर कोलंबोत रेल्वेच्या कारखान्यात कोळसा ओढणारा भिमाजी!

आणि तुझी आई! तुझ्या भावाचं लग्न उरकून मी आषाढातच निघणार होतो. लवकर या, हे तुझं बजावणं ध्यानात होतं. पण त्या माउलीने माझी वळकटीच लपवली. ‘तीन वर्सांनी धोंड्याचा म्हैना आलाय, आन् जावई न जेवताच जातोय व्हय? लोक त्वांडात श्यान घालतील!’ मग बसलो मांडी घालून. पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाल्ले, उपरणं घेतलं. गूळ, तूप, उपरणं, सगळं आपण धाडलेल्या मनिऑर्डरीतलं. आपल्याच पैशाने मला इथे बांधून घातलं गं! आता ती रोज देवापुढे नाक घासते, म्हणून तिच्यावर धड ओरडताही येत नाही.

कारखान्यातल्या रखमाजीचं पत्र आलंय. माझं नाव कापलं, आणि खोलीही सोडायला सांगितलीय. तिथलं सरकार घरी परतायला फुकट तिकीट देतं, पण ते घेतलं की पुन्हा सिलोनात पाय ठेवायचा नाही. असं तिकीट घेणाऱ्यांना आपण दोघं हसायचो. बापाचं शेत धरणात गेलं तेव्हा मी तुला शब्द दिला होता की तुझ्या माहेरच्या ओसरीवर संसार मांडणार नाही. नंदा, तो शब्द मोडायलाच हे पत्र लिहायला बसलो. तिकीट घे. अंगठा मागतील, तू सही कर, तुला येते. बजरंगला ऊन लागू देऊ नकोस. माझा हातोडा तेवढा आण, तो लोणावळ्याच्या बाजारातला आहे, कारखान्याचा नाही. तुझी आई म्हणते, एकाच चुलीवर जेवू. मी नको म्हटलं आणि काल ओसरीच्या कोपऱ्यात आपली वेगळी चूल मांडली. साहेब म्हणत होता तो मान आता तेवढाच उरलाय.

तुझी वाट पाहणारा, तुझाच
भिमा