अधिक-उणे अर्धा अंश

१ मार्च. सकाळी ८.
आजपासून तापमानाची नोंद माझ्याकडे. सासऱ्यांनी घरामागच्या पांढऱ्या पेटीतला थर्मामीटर एकतीस वर्षं रोज आठला वाचला. एक दिवस खाडा नाही. आता गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. वहीवर नाव तुमचंच राहू दे म्हटलं, तेवढाच मान. आज २१.५. सोपं काम आहे.

६ मार्च.
जाग ९.१०. खिडकीतून हात बाहेर काढला, २१.५ लिहिलं. हवामान कार्यालयाच्या पत्रकात मार्जिन ऑफ एरर, म्हणजे चुकीला मुभा, अधिक-उणे अर्धा अंश दिलीय. म्हणजे अर्धा अंश आपल्या हक्काचा.

१४ मार्च.
वाचनात आलं की चुका कधी वर पडतात, कधी खाली, आणि सरासरीत फिटून जातात. म्हणून आता एक दिवस २२, एक दिवस २१. अंथरुणातूनच. बायको म्हणाली, याला आळस म्हणतात. तिला स्टॅटिस्टिक्स नव्हतं.

३ एप्रिल.
जेवताना बाबा रोज विचारतात, जावईबापू, आज किती? मी सांगतो. ते डोळे मिटून मान हलवतात. मी आमटी वाढून घेतो. उद्यापासून नक्की.

४ एप्रिल.
माझाही गुडघा दुखतोय. २२.

२० एप्रिल.
उद्या हवामान कार्यालयाकडून संशोधक बाई येणार. आमच्या केंद्राचे आकडे फारच स्थिर आहेत म्हणे. कौतुकच असणार. शर्टाला इस्त्री केली.

२१ एप्रिल.
कौतुक नव्हतं. पेटीच्या दारावर कोळ्याचं जाळं, अख्खं. बाई म्हणाल्या, आसपासची सगळी केंद्रं पाच अंशांनी तापली, तुमच्याकडे अजून एक मार्चच चालू आहे. अर्धा अंश ही थर्मामीटरला सूट असते, वाचणाऱ्याला नाही. आणि सगळ्या चुका एकाच बाजूच्या असल्या की सरासरीसुद्धा वाचवत नाही. वहीवर नाव एकच, त्यामुळे एकतीस वर्षांचे आकडे वगळावे लागतील.
बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाईंना म्हणाले, नजर अधू झाली हो माझी, याच वर्षी. आधीचं सगळं खरं आहे, तेवढं ठेवा.
मी चपलांकडे बघत राहिलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२२ एप्रिल. सकाळी ८.
स्वतः गेलो. २६.४. खरं सांगायला बाईंना फोन लावला. एक रिंग दिली. त्या कामात असतील.

दुपारी १.
जेवताना आकडा ओठांवर तयार होता. बाबांनी विचारलंच नाही.