महाप्याच्या कंपनीला मागणी

उलवे, ३ फेब्रुवारी

चि. सोनल, तुला पोटभर आशीर्वाद. वि. वि. सगळ्यात आधी आली शेजारची वैजयंती, हातात हळदीकुंकवाचं ताट. मागून जाईबाई नि बयाबाई. सगळ्यांचं एकच, सोनलला पोरगा कोनाचा? फोनवर तू तुझ्या आईला बोललीस ना, महाप्याच्या कंपनीला मागणी पाठवू, ते मी ऐकलं नि आळीत सांगितलं. मागणी म्हनजे लग्नाचीच की! तुझ्या आईनं, सुचितानं, कपाळाला हात लावला. बोलली, आई, मागणी पैशांची. त्या कंपनीनं आठ महिने आपले डबे खाल्ले, तीन लाख चाळीस हजार थकवले.

पोरी, ती आता डबे बंद करायचं बोलते. गॅसवाला उधार देत नाय. तुझी मागणी लवकर धाड. माया हाय ती वाढव.

आजी भागीरथी

पुणे, ९ फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि. मी मागणीची नोटीस म्हणत होते, तू साखरपुड्यापर्यंत पोचलीस! पण चूक माझीही झाली. लॉ कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या, दिवाळखोरीच्या कायद्यातली ती मागणीची नोटीस कामी यायला कंपनीने निदान एक कोटी थकवायला हवेत. छोट्या धंद्यांसाठी तक्रारीची दुसरी वाट आहे, तिचे कागद करतेय. वेळ लागेल. आईला धीर दे. आणि कृपा करून तू कुठे जाऊ नकोस.

तुझी लाडाची, सोनल

उलवे, १७ फेब्रुवारी

चि. सोनलला आशीर्वाद. तुझ्या पत्राची शेवटची ओळ मी जाऊन आल्यावर वाचली.

वैजयंतीनं हिशेब केला. कोटी भरायला त्यांना अजून एकोणीस वर्षं जेवू घालावं लागेल. तेवढी मी कशाला जगते! मग आमी पाच जणी नथी घालून, नारळ-साखर घेऊन महाप्याला. वॉचमनला सांगितलं, मागणी घालायला आलोय. त्यानं हसत आत सोडलं, साहेबाचं जमलं समजून!

साहेब हरेश, बिनलग्नाचा, समोर पाहुणे बसलेले. मी त्याच्या हातात नारळ दिला नि बोलली, आमची मागणी तीन लाख चाळीस हजारांची. कोटीत बसत नाय, म्हनून कागद न धाडता आमीच आलो. पाहुणे हसले, हरेश टोमॅटोसारखा लाल.

काल रविवारी तो हिशेबनीसाला घेऊन घरी आला. अर्ध्या रकमेचा चेक दिला, बोंबलाचं कालवण दोनदा मागून खाल्लं. सुचितानं आज पहाटे गॅस पेटवला बघ.

उरलेले पैसे घेऊन गुरुवारी येतो बोलले. मी सांगितलं, गुरुवारी आमच्याकडं मच्छी नाय. मग शुक्रवार ठरला, एकवीस तारीख.