झांबियाहून आलेला स्वयंभू

मिल्टन कीन्स,
रविवार, नोव्हेंबर

तीर्थरूप नंदूमामांना पुष्करचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत (असं लिहायची पद्धत आहे). तुमचा गुडघा, मामींची बाग आणि ब्रिस्टलचा पाऊस कसा आहे ते कळवावं. तुम्ही दोघं येत्या जूनमध्ये झांबियाला जायचं म्हणताय आणि आम्ही नुकतेच जाऊन आलो, म्हणून माहिती मागितलीत. फोनवरच सांगितली असती, पण फोन वाजला की तुमची ताई, म्हणजे आमची आई, शेजारी येऊन बसते आणि काही गोष्टी तिच्यासमोर बोलण्यासारख्या नाहीत. म्हणून हे पत्र. सोबत तुमच्या भाचेसुनेने, श्रद्धाने केलेले बेसनाचे लाडू आहेत. डबा कृपया पत्र पूर्ण वाचल्यावरच उघडावा.

तर झांबिया. देश फार देखणा आणि माणसं आपल्यापेक्षा शहाणी, म्हणजे कमी बोलणारी. लुसाकाला उतरायचं आणि तिथून लहान विमानाने लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात जायचं. (विमान इतकं लहान की आईला वजन विचारलं. तिने खरं सांगितलं नाही, तरी उडालं. तुम्ही जन्मभर विमानांचे पंख केलेत, तुम्हीच काय ते समजा.) जायचं ते जून ते ऑक्टोबर या कोरड्या दिवसांत. नदी आटते, गवत वाळतं आणि सगळी जनावरं उरलेल्या पाण्याशी येतात. नोव्हेंबरात पाऊस लागला की रस्ते चिखलात जातात, बरेच कॅम्प बंद होतात, तेव्हा जायचा वेडेपणा कोणीही करू नये. मलेरियाच्या गोळ्या चुकवू नका. जेवायला न्शिमा असते, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. आईने तिच्यावर तूप-मेतकूट घालून कॅम्पच्या स्वयंपाक्यालाही चटक लावली आणि अर्धा डबा तिथेच संपवला.

तिथली खरी मजा म्हणजे पायी सफारी. पुढे बंदूकवाला, मग गाईड, मागे आपण, एका ओळीत आणि गप्प. (आई गप्प! एवढ्यासाठी तरी तिकीट काढावं.) आमचा गाईड बांदा. त्याने कोरड्या नदीपात्रात हत्तींची हाडं पडलेली एक जागा दाखवली. कळप दर वर्षी वाट वाकडी करून तिथे येतो, म्हणाला. सोंडेने एकेक हाड चाचपतो, उचलतो, परत ठेवतो आणि मग बराच वेळ नुसता उभा राहतो. बांदाचा नियम एकच होता, इथलं काही उचलायचं नाही, काडीसुद्धा नाही. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, आईने सगळ्यांत जोरात डोलावली.

घरी आल्यावर मेतकुटाच्या डब्यातून गणपती निघाला. मुठीएवढा, करडा, अंगावर वळ्या आणि एका बाजूला वळलेलं टोक. आई म्हणाली, स्वयंभू आहे. शिवाय उजव्या सोंडेचा, म्हणजे कडक. हत्तींच्या नदीत गणपती सापडणार नाही तर कुठे सापडणार, हेही तिनेच विचारलं. बॉयलरच्या कपाटाशेजारी देव्हारा आहे, तिथे शेंदूर लावून स्थापना झाली. सोवळं सुरू झालं आणि श्रद्धाच्या ऑम्लेटची रवानगी गॅरेजमध्ये झाली.

मग ताटल्या वाजू लागल्या. रॅकमध्ये आपसात हलकेच कुरकुरायच्या. त्यांना हलवणारा आवाज कानाला ऐकू येत नसे, पोटात कळायचा. बॉयलरचा माणूस येऊन बघून गेला, बॉयलर ठणठणीत. नंतर झाडावरची उरलीसुरली सफरचंदं गेली, तीही शेंड्यावरची, जिथे शिडी लावूनसुद्धा माझा हात पोचत नाही. शेजारच्या मार्गारेटबाईंचं कुंपण आमच्या बाजूला झुकलं. त्यांनी हरणांवर आळ घेतला. (आमच्याकडची हरणं कुत्र्याएवढी असतात.) चारला अंधार पडला, की बाहेर बोचरी थंडी आणि घरात तापलेल्या मातीचा वास. तुम्ही पुरावा मागाल, म्हणून ठशांचंही लिहितो. सकाळी गवतावर हिम धरतं, तेव्हा त्यात परातीएवढे गोल डाग मोकळे असतात, एका कडेला नखांच्या खुणा. कुंपणापासून थेट देव्हाऱ्याच्या खिडकीपर्यंत. सगळे येणारे. मी घराभोवती फिरून पाहिलं, मामा, परत जाणारा एकही नाही.

शेवटी आई आंघोळीला गेलेली बघून श्रद्धाने शेंदूर खरवडला आणि फोटो काढून बांदाला पाठवला. उत्तर लगेच आलं. दगड नाही, हत्तीच्या पिल्लाची दाढ आहे. खाली त्याने एवढंच विचारलं होतं, की मोठ्या मॅडम बऱ्या आहेत ना.

बऱ्या नव्हत्या. त्याच दिवशी दिवेलागणीला बघतो तर मागचं दार सताड उघडं आणि आई बागेत, अंगावर शालसुद्धा नाही. एका पायावरून दुसऱ्या पायावर संथ झुलत होती. हात डोक्याच्याही वर उचललेला, कोणाच्या तरी अंगावरून फिरवावा तसा. मी हाक मारली तर म्हणाली, "हळू बोल रे. त्याची आई आलीय." तिचा हात धरून तिला आत आणलं. त्या गारठ्यातही हात ऊन होता आणि त्याला बारीक कोरडी धूळ लागलेली होती. (इंग्लंडमध्ये, नोव्हेंबरात, धूळ.)

तेव्हापासून तिचं एकच चाललंय, पिल्लू मी उचललं, तर पोचवायला मीच जाणार. त्या हत्तिणी तिला म्हणतात म्हणे, आमच्याबरोबर चल. चालायचे बूट पुसून तिने मागच्या दाराशी मांडून ठेवलेत. डॉक्टरांनी तिला जिनासुद्धा बेताने चढा म्हणून सांगितलंय. मला फार भीती वाटते, मामा.

बाकी झांबिया उत्तम. जरूर जावं. मामींना नमस्कार.

तुमचा,
पुष्कर

ता.क. जूनपर्यंत थांबू नका. पावसाचं वर लिहिलंय ते विसरा, चिखल काही एवढा वाईट नसतो. याच आठवड्यात निघा. मीच गेलो असतो, पण आईला सोडून कोपऱ्यावरच्या दुकानात जायचीही माझी हिंमत होत नाही. बांदा तिथल्या नॅशनल पार्कच्या लोकांशी बोललाय आणि विमानतळावर येणार आहे. दाढ फक्त त्याच्या हातात द्यायची.

पुन्हा ता.क. दाढ लाडवांच्या डब्यात तळाशी आहे. देव्हाऱ्यात आम्ही बागेतला एक दगड शेंदूर फासून ठेवलाय. आईला कळलेलं नाही. (कळलं असावं. आज तिने नैवेद्य दाखवला नाही.)

सोमवार सकाळ. घोटाळा झाला. आमचा मित्र क्षितिज काल संध्याकाळी डबा घेऊन गाडीने ब्रिस्टलला निघून गेला आणि पत्र टेबलावरच राहिलं. आता ते पोस्टाने येईल, तोवर लाडू संपलेले असतील. (मामी, तळाशी जे आहे ते कृपा करून फेकू नका!) आज हिमावर ठसे पहिल्यांदाच बाहेर जाताना दिसले. कुंपण ओलांडून पश्चिमेला, तुमच्या बाजूला. आई घरातच आहे, बूटही जागेवर आहेत, मी दोनदा जाऊन पाहिलं. चहा पिता पिता म्हणाली, नंदूला कळव, बागेत पाणी भरून ठेव आणि मागचा दिवा घालवू नकोस. बाई फार लांबून चालत येतेय.