शालन सांगत होती, तरी

ती. ताईस,
विश्रामचा नमस्कार.

मोर्चात गोळी लागलेल्या कामगाराला मी खाटेवरून उभं केलं, तिथेच सगळं बदललं. परळच्या इस्पितळातल्या त्या वॉर्डात आम्ही फिजिओथेरपीवाले आणि नर्सिंगच्या मुली एकत्र शिकायचो. त्यांतली शालन म्हणाली, "अहो, टाके ओले आहेत, उठवू नका." चारचौघांत मला शिकवते, म्हणून मी हट्टाला पेटलो. तो पडला, टाके उसवले. सिस्टरना मी म्हणालो, "मला कुणी सांगितलंच नाही." सांगायचं काम शालनचं होतं, म्हणून तिलाच वॉर्डातून काढलं.

मी चळवळीसाठी कॉलेज सोडलं, असं बाबा गावभर सांगतात ना? त्यांना थांबव. शालनला तोंड दाखवता येईना, म्हणून सोडलं. ती मला आवडते, ताई.

तो कामगार आता बरा आहे. मीही वेळेवर जेवतो. आईचा खोकला थांबला का?

मेट्रनबाईंना खरं सांगायला निघालोय. पत्र वाटेत पेटीत टाकीन. दार ओढून घेतो.

तुझा विश्राम