छपरावरचं दार

प्रिय ठकू,

रविवारी फोनवर तू एका दमात सांगून टाकलंस, की येत्या सोमवारपासून भिंगरी माझ्या बालवाडीत येणार नाही, चौकातल्या मोठ्या शाळेत जाणार, तिचा दाखला तेवढा तयार ठेव. मी 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला. राग आला होता, खोटं कशाला बोलू? जन्मभर लोकांची पोरं सांभाळली आणि नातीलाच माझ्या हाताखालून काढून नेतायत म्हटल्यावर नाकाला मिरच्या झोंबणारच. आपण फोनवर बोलायला लागलो की मी बोलत सुटते आणि तू गप्प होतेस, म्हणून हे पत्र.

तुझी तक्रार खोटी नाही. त्या शाळेतली मुलं शंभरपर्यंत आकडे लिहितात आणि आपल्या भिंगरीची वही आठवडाभर कोरीच घरी येते, वर फ्रॉकला माती. दिवसभर ती करते तरी काय, असं तू विचारलंस. तर ऐक. महिन्यापूर्वी मी तिला खाऊच्या वेळी पाण्याचे पेले वाटायचं काम दिलं. तिला धरून मुलं अकरा. ती एक पेला न्यायची, एकापुढे ठेवायची, धावत परत यायची, मग दुसरा. अशा अकरा खेपा. तोवर निम्म्यांचा खाऊ संपलेला आणि एकाला ठसका लागलेला. आमच्या मावशी पेले उचलायला निघाल्या, मी त्यांना डोळ्यांनीच थांबवलं. दुसऱ्या आठवड्यात तिने दोन हातांत दोन नेले. मग एकदा पोटाशी धरून होते नव्हते तेवढे नेले, तर तीन उरले. ते घेऊन बाईसाहेब मधोमध उभ्या, चेहरा असा की कुणीतरी हरवलंय. आणि काल ती दारात थांबली, एकेका डोक्याकडे बोट करत काहीतरी पुटपुटली आणि मोजून नऊ पेले घेऊन गेली, कारण दोघं आली नव्हती. एकही उरला नाही. वहीत उमटावं असं यात काही नाही, मान्य. पण नऊ म्हणजे किती, हे त्या पोरीला आता कुणी विसरायला लावू शकणार नाही.

हे सगळं चाललेलं असताना मी काय करते, सांगू? पाठीमागे एका हाताने दुसरं मनगट घट्ट धरून उभी राहते. नाहीतर हात आपसूक पुढे जातात, कुणाच्या बुटाचा बंद बांधतात, कुणाचा कलता मनोरा सावरतात. मुलांना याची फार गंमत वाटते. एक गोबऱ्या गालांचा आहे, तो रोज माझ्या मागे येऊन बघतो आणि ताईंचे हात सापडले म्हणून वर्गात जाहीर करतो. नव्या शिक्षिका आल्या की मी त्यांना पहिल्या दिवशी हेच शिकवते. मी स्वतः ते कशावरून शिकले, हे मात्र कुणाला सांगितलेलं नाही. तुलाही नाही.

तू चार वर्षांची होतीस, माझ्याच वर्गात. पालकांसाठी मुलांच्या कामांचं प्रदर्शन होतं. तू रंगीत कागदांचं घर चिकटवलं होतंस. निळी भिंत, तपकिरी छप्पर आणि लाल दार थेट छपरावर. मला वाटलं, सगळे आधी तुझंच काम बघणार आणि म्हणणार, बाईंच्या मुलीला दार कुठे असतं तेही कळत नाही. तुला मावशींबरोबर अंगणात पाठवलं आणि डिंक ओला होता तोवर ते दार उचकटून खाली भिंतीवर लावलं. लोकांनी खूप कौतुक केलं. तू त्या घरापुढे बराच वेळ उभी राहिलीस. मग मला विचारलंस, "आता पक्षी कुठून येणार?" मी हसले आणि तुझ्या हातात खाऊ ठेवला. त्यानंतर कधीही चित्र काढायला बसलीस, की कागद माझ्याकडे सरकवायचीस. "तूच कर, आई. तुझं बरोबर येतं." मला तो लाड वाटायचा.

लाड नव्हता गं तो. आज चौतिसाव्या वर्षीही तू साहेबांना पत्र पाठवण्याआधी मला फोनवर वाचून दाखवतेस. तुमच्या पडद्यांचा रंग मी ठरवला, भिंगरीची बालवाडीही मीच. जावई मला तुमच्या घरातलं वरिष्ठ कार्यालय म्हणतात आणि मी आपली खुशीत हसते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय! अकरा मुलांपुढे हात मागे धरणाऱ्या बाईने तुझ्यापुढे ते कधी धरले नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं, ठकू.

खरं सांगते, चार दिवस मी हे पत्र मनात जुळवत होते ते तुला अडवायला. पेल्यांची गोष्ट त्यासाठीच पाठ करून ठेवली होती. आज दाखल्याचे कागद काढायला कपाट उघडलं, तर तळाशी ते घर निघालं आणि माझ्या ध्यानात आलं, की रविवारी पहिल्यांदाच तू काहीतरी मला न विचारता ठरवलंस. तुझं म्हणणं मला पटलेलं नाही, पटेल असंही वाटत नाही. पण दाखल्यावर मी सही केली आहे. तो सोबत ठेवते आहे. द्यायचा की फाडायचा, ते तुझं तू बघ. त्याच पाकिटात ते घरही आहे. डिंक वाळून गेला होता, दार नखाने सहज सुटलं. छपरावर त्याच्या जुन्या जागेचा डाग अजून दिसतो, पण तिथे मी ते लावलेलं नाही. सुटंच ठेवलंय. डिंक तुझ्या घरी असेलच.

तुझीच, हात मागे धरून उभी असलेली,
आई