शिवांजलीची करंगळी

ती. आबा,

नमस्कार करते, तुम्ही घेणार नाही हे धरूनच.

शिवांजली नावाची एक पोर दर रविवारी आईबरोबर तुमच्या लोणंदहून रेल्वेनं कराडला माझ्याकडं पियानो शिकायला येते. वाटेत सातारा लागतं. तिथले शिकवणारे काय संपले? मला पहिल्याच दिवशी संशय आला.

उजव्या हातानं वाजवताना तिचा डावा हात हवेत हलत राहतो, जणू पेटीचा भाता मारतेय. ठीक आहे, कुठंतरी पेटी शिकली असेल. पण करंगळीचं काय? चांगली धडधाकट करंगळी ती आत दुमडून ठेवते. तुमची करंगळी गुऱ्हाळाच्या चरकात गेली, म्हणून तुम्ही उरलेल्या बोटांवर भजनं वाजवता. हिची कशात गेली?

"घरी कोण शिकवतं गं तुला?" मी विचारलं.

"कुणी न्हाई, बाई," म्हणाली आणि आईकडं बघत बसली.

पेटी सोडून पियानो धरला म्हणून तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत. आता माझी परीक्षा घ्यायला लोकांची पोर पाठवता व्हय? की मी काय शिकवते, ते तिच्याकडून वाजवून घेऊन ऐकता?

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तुम्ही मला पहिल्यांदा शिकवलेलं भजन येत्या रविवारी तिला पियानोवर शिकवणार आहे, आणि त्यातला एक सूर मुद्दाम चुकीचा सांगणार आहे.

बघते, तुमच्यानं गप्प राहवतंय का.

तुमची, अजून धरत असाल तर,
वैजू