पंगतीतलं गाणं

चिखली,
५ फेब्रुवारी २०२५

शिवम,

जयभीम. आमच्याकडं सगळे खुशाल. आईचे गुडघे दुखतात, बाकी बरं चालू आहे. नागसेनदादानं बसस्टँडजवळ मोबाईलचं दुकान टाकलं. तुह्या आईचं बीपी कसं आहे आता?

तुहं गाणं आमच्या गल्लीत पोहोचलं. परवा एका हळदीत डीजेवाल्यानं लावलं. गर्दीतल्या एकटेपणाचं गाणं, अन् पोट्टे त्याच्यावर नाचून राह्यले. मले आधी हसू आलं, मंग रागच आला.

मुलाखतीत तू म्हणला, पुण्यात सिग्नलवर उभा होतो, चारी बाजूनं माणसं, आपलं कोणीच नाही, तवा हे सुचलं. वा बे वा. चाल तुही, गिटारचं ते आदळणं तुहं, मान्य. शब्द माहे होते, अन् त्यात सिग्नल नव्हता. पंगत होती. काऊन बदललं?

आता तू मले बुलढाण्याच्या कार्यक्रमाले ये म्हणतं, शेवटचं कडवं सोबत गाऊ म्हणतं. पहिल्या रांगेत तुहे वामनकाका बसणार आहेत म्हणतं. म्हणूनच लिहून राह्यली.

कॉलेजात असताना आपण हिवरा आश्रमाच्या महाप्रसादाले गेलो होतो. शेतात लांबच लांब रांगा, ट्रॅक्टरमधून पुऱ्या अन् वांग्याची भाजी येऊन राह्यली. तिथं कोणी कोणाले काही इचारत नाही, शेजारी बसतात अन् जेवतात. तू माह्यासाठी जागा धरली होती. तेवढ्यात काका आले.

"हे पोरगी कोण? आडनाव काय इचं?"

तू म्हणला, "माहीत नाही काका. इथं येऊन बसली."

अन् पत्रावळ उचलून त्याईच्या मागं दुसऱ्या रांगेत गेला. लाखभर माणूस जेवत होतं, शिवम, अन् माह्या बाजूची जागा रिकामी होती. काकाचा राग नाही मले. ते तसेच आहेत. तुहा आहे.

घरी येऊन लिहलं ते हेच. तू त्याले चाल लावली, वर म्हणला, किती खरं लिहतं तू. तुले तवाही कळलं नाही, का कळून गप बसला?

येईन मी. पण गाण्याआधी माइकवर, काकाच्या समोर, सांगायचं की शब्द इचे आहेत, इचं नाव हे, आडनाव हे, अन् मी इले ओळखतो. तेवढं जमत नसन तं मले बोलावू नको, अन् ते गाणंही म्हणू नको.

अपेक्षा साळवे

(आडनाव मुद्दाम लिहलं. मोठ्यानं म्हणून पाह्य एकदा.)